बाबांच्या दोन बंदुका, बंद घर आणि चार वर्षांचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. नाव, गाव काही देत नाही, मजकूर थोडक्यात सांगते. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. घरात दोन बंदुका आहेत. एक वडिलांची १२ बोअरची डबल बॅरल, बहुतेक बेल्जियमची, तिचं लायसन्स वडिलांच्या नावावर. दुसरी पणजोबांपासूनची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, नळीवर पितळेच्या पट्ट्या आणि दस्त्यावर थोडं चांदीचं काम, तिचा कागद कुणालाच सापडत नाहीये. वाचकाला नोकरीनिमित्त चार वर्षं जर्मनीला जायचंय, आई काही महिने वाचकाच्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, देवरुखला आणि काही महिने गावच्या घरी असणार, म्हणजे घर बराच काळ बंद. बंदुका कशा ठेवायच्या यावर प्रत्येकाचं वेगळं मत. काका म्हणतात खोबरेल तेल चोपडा, प्लास्टिकमधे घट्ट गुंडाळा आणि माळ्यावर टाका. चुलतभाऊ म्हणतो आधी बफिंग करून चकाचक करून घेऊ. कुणी म्हणालं ठासणीचीची नळी वेल्डिंगने बंद करा, मग लायसन्सची कटकटच नाही. वाचक लिहितात, "मी एकुलता मुलगा, जबाबदारी माझीच. एकदाच काहीतरी पक्कं करून जायचंय, म्हणजे चार वर्षं बघायला नको. लहानपणी बाबा दसऱ्याला बंदूक पुसायचे तेव्हा ताई शेजारी बसून फडकी द्यायची, मला तेवढंच आठवतं."

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय की काय लावू आणि कशात गुंडाळू, आणि ते मी सांगणारच आहे, पण त्याच्या आधी दोन गोष्टींबद्दल बोलायला हवं, कारण त्या सोडून नुसतं तेलाचं नाव सांगितलं तर तुमचं नुकसान होईल.

पहिली गोष्ट कागदाची. वडील गेले त्या दिवसापासून त्यांचं लायसन्स तुमच्या कामाचं राहिलेलं नाही, आणि ती १२ बोअर घरात ठेवायला सध्या कायद्याने कुणालाच परवानगी नाहीये. घाबरवायचं म्हणून सांगत नाही, बहुतेक घरात असंच होतं, दुःखात कोण बंदुकीचा विचार करतं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ मधे स्पष्ट आहे की ताबा बेकायदेशीर झाला की विनाकारण उशीर न करता शस्त्र पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, म्हणजे गन हाऊसमधे, जमा करायचं, आणि लायसन्सधारक वारला तर ही जबाबदारी वारसावर येते. त्याच कलमात हेही आहे की जमा करून ठरलेल्या मुदतीत कुणी सोडवून नेलं नाही किंवा विल्हेवाट लावली नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणजे जमा करून विसरून जाणं हाही मार्ग नाही. आठ महिने झालेत, आता हे काम या आठवड्यातलं समजा.

करायचं कसं? बंदूक खांद्याला लावून किंवा एसटीत पिशवीत घालून निघायचं नाही. आधी नुसते कागद घेऊन पोलीस स्टेशनला जा, वडिलांचा मृत्यूचा दाखला, त्यांचं लायसन्सचं पुस्तक, तुमचं ओळखपत्र, आणि एक साधा अर्ज की अमुक शस्त्र घरी आहे, वारस म्हणून जमा करायचंय, कसं आणायचं ते सांगा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काडतुसं असतील तर त्यांची संख्या त्याच अर्जात लिहा, कारण काडतुसांनाही तोच नियम. जुनी पुठ्ठ्याची काडतुसं कोकणच्या हवेत फुगलेली असतात, ती बंदुकीत घालून बघू नका, विहिरीत टाकू नका, चुलीजवळ तर अजिबात नको.

मग वारसा हक्काने लायसन्ससाठी अर्ज. तुमच्या जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी कार्यालयात जातो (पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयात पोलीस आयुक्तांकडे). २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे, लायसन्सधारक गेल्यावर वारसाला, किंवा तो हयात असतानाच ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर तो सांगेल त्या वारसाला लायसन्स मिळू शकतं. हे दुसरं मुद्दाम सांगतेय, कारण हे सदर वाचणाऱ्या अनेकांचे वडील अजून आहेत आणि सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांनी हे आत्ताच करून टाकावं, नंतरची सगळी धावपळ वाचते. पोलीस पडताळणी होते, बाकीच्या वारसांची संमती सहसा मागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, वारशाने आल्या तरी दोनच, आणि लायसन्सची मुदत पाच वर्षं.

आता तुमचं एक वाक्य. "मी एकुलता मुलगा, जबाबदारी माझीच." हे कुणी ठरवलं? वारस आई पण आहेत आणि ताई पण आहे. तुम्ही चार वर्षं परदेशात, ताई देवरुखला, म्हणजे त्याच जिल्ह्यात, आणि बाबांच्या शेजारी बसून फडकी देणारी तीच होती असं तुम्हीच लिहिलंय. तिला एकदा विचारा तरी. तिला नको असेल तर नको, पण अर्ज तिच्या नावाने करता येतो, बंदूक मुलाकडेच जायला हवी असं कायद्यात कुठेही नाही. मला तर पत्र वाचताना पहिल्यांदा तिचाच विचार आला. वस्तू टिकते ती जवळ राहणाऱ्या आणि तिच्याबद्दल काहीतरी वाटणाऱ्या माणसामुळे, आणि तुमच्या घरात तसं माणूस आहे असं दिसतंय.

ठासणीचीचा प्रश्न जरा नाजूक आहे. कागद सापडत नाही म्हणजे कागद नव्हताच असं समजू नका. कोकणात शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांची लायसन्सं पिढ्यानपिढ्या दिली गेलीत, डुक्कर-माकडांचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावाने तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जुन्या रजिस्टरात नोंद असू शकते, शोधायला अर्ज द्या. काही लोक म्हणतील की ती अँटिक आहे, तिला लायसन्स लागतच नाही. कायद्याच्या कलम ४५ मधे अशी सूट आहे खरी, पण ती अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे जे दुरुस्त करून सुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही. तुमची घोडा पडणारी, नळी शाबूत असलेली ठासणीची त्यात बसते का हे तुम्ही, मी किंवा चुलतभावाने ठरवायचं नाही, ते लेखी विचारायचं आणि लेखी उत्तर घ्यायचं. तोपर्यंत तिलाही १२ बोअरसारखंच वागवा, त्याच अर्जात तिचाही उल्लेख करा. स्वतःहून जाऊन सांगणारा माणूस आणि झडतीत सापडलेला माणूस यात फार मोठा फरक असतो.

आणि वेल्डिंगचा विचार डोक्यातून काढून टाका. नळीत वेल्डिंग केलं की त्या उष्णतेने शे-दीडशे वर्षांचं लोखंड, त्यावरचा रंग, आजूबाजूचं पितळ सगळं जातं, परत कधीच येत नाही, आणि घरच्या घरी असं करून कागदाचा प्रश्न सुटतो असंही नाही. बंदूक जाते आणि कटकट राहते.

यापेक्षाही महत्त्वाचं एक राहिलंय. ठासणीची भरलेली नाही ना हे बघितलंय का? अनेक घरांत ती शेवटची भरून ठेवलेली असते, वापरणारा माणूस जातो, आणि आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, तसाच राहतो. काळी दारू कोरडी राहिली तर शेकडो वर्षांनी सुद्धा पेटू शकते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे २०१३ च्या जानेवारीत एक जुनी ब्रिटिश तोफ साफ करताना आत ८०० ग्रॅमच्या वर दारू, बोळा आणि गोळा सापडला होता, ती तोफ १७८० मधे बुडालेल्या जहाजावरची, आणि कित्येक वर्षं ती लोकांसमोर मांडलेली होती. तर बघायचं असं: आसपास दिवा, उदबत्ती, चूल काही नको. घोड्याखालच्या टोकावर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी धातूची टोपी, बसलेली दिसली तर बंदुकीला हातच लावू नका, पोलिसांना सांगा. केप नसेल तर नळीचं तोंड कुणाच्याही दिशेला नाही अशी आडवी ठेवा, स्वतः तोंडासमोर उभं राहायचं नाही, एक लाकडी बारीक काठी हळूच आत सरकवा, जिथे अडते तिथे नळीच्या तोंडाशी खूण करा, काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा. काठीचं टोक जवळजवळ केपेच्या जागेपर्यंत पोचलं तर आत काही नाही. काठी दोन-तीन बोटं आधीच अडली तर आत काहीतरी आहे. ते कुंभारीण माशीचं मातीचं घर असू शकतं आणि बारही असू शकतो, पण ते खात्री करायला उकरायचं नाही, गज ठोकायचा नाही, गरम पाणी-ड्रिल काही नाही. पोलीस स्टेशनला सांगायचं की भरलेली असण्याची शक्यता आहे, पुढचं ते बघतील. १२ बोअर मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतोय का बघा.

आता ठेवायचं कसं. तुमच्या पत्रात एक शब्द आहे, "एकदाच". एकदाच काहीतरी पक्कं करायचं आणि चार वर्षं बघायचं नाही. जवळजवळ सगळ्या घरांत हाच गैरसमज असतो आणि बहुतेक जुन्या बंदुका याच कारणाने खराब होतात, वापराने नाही. लोखंडाला गंज चढतो तो हवेतल्या ओलीने. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग खूप वाढतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती ८५-९० सहज असते, शिवाय समुद्र जवळ असेल तर हवेत मीठ. लाकडाचं उलटं, त्याला फार कोरडं चालत नाही, ४० टक्क्यांच्या खाली गेलं की दस्ता आकसतो, चिरा पडतात, चांदीची पट्टी सुटते. बंदुकीत लोखंड आणि लाकूड दोन्ही एकत्र, म्हणून ४५ ते ५५ च्या आसपास स्थिर हवा ही दोघांनाही मानवणारी. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. चार-पाचशे रुपयांत हवेतली ओल मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, तो कपाटात ठेवला की अंदाजाने बोलायची गरज उरत नाही.

काकांचं प्लास्टिक इथेच मार खातं. घट्ट गुंडाळताना आत जी ओल अडकली, लाकडाने जी धरून ठेवलीय, ती बाहेर जाऊ शकत नाही, रात्री गारवा पडला की तीच नळीवर दव होऊन बसते. वरून बघितलं तर पिशवी कोरडी, आत गंज. माळ्यावर तर पत्र्याखाली दिवसा भट्टी आणि रात्री गार, म्हणजे रोज हाच खेळ. त्यातून ते प्लास्टिक पीव्हीसीचं असेल, ते जाड चकचकीत कव्हर असतं ना तसं, तर जुनं होताना त्यातून आम्ल सुटतं.

चामड्याच्या किंवा कापडी खोळीतही कायम ठेवू नका. खोळ ही नेण्या-आणण्यासाठी असते. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात, आणि बंदुकीवर बरोब्बर खोळीच्या शिवणीच्या रेषेत गंज उमटलेला मी कितीतरी वेळा बघितलाय. फोम लावलेल्या पेटीचं तेच. लोकरी कापड आणि रबर चांदीजवळ नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने दस्त्यावरचं जुनं रोगण मऊ होऊ शकतं.

खोबरेल तेलाबद्दल लोकांना राग येतो म्हणून नीट सांगते. आपल्याकडे घरात तेच असायचं आणि दर आठवड्याला वापरणारा माणूस ते पुसून परत लावायचा, तेव्हा चालून जायचं. न बघता ठेवायच्या वस्तूला नाही चालत. खाद्यतेलं हवेने चिकट होतात, वाळून पिवळी साल धरते, कळीचे, म्हणजे घोडा-चापाचे, भाग अडकतात, आणि तेलातली आम्लं पितळेवर हिरवा थर आणतात. तुमच्या नळीवर पितळेच्या पट्ट्या आहेत, त्यांच्या कडेला हिरवं दिसतंय का बघा, दिसलं तर बहुतेक तेच कारण. जवसाचं तेलही दस्त्याला चोपडू नका, ते काळपट होतं आणि एकदा मुरलं की काढता येत नाही. रॉकेलने पुसायची सवय असेल तर तेही थांबवा. आणि तो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे, डब्ल्यूडी-४०, तो पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे, वर्षानुवर्षं राखण करण्यासाठी नाही.

मग लावायचं काय? नळीच्या आत आणि कळीच्या भागांत चांगलं गन ऑइल किंवा गंजरोधक तेल, अगदी पातळ. बोट फिरवलं तर जाणवेल पण ओघळणार नाही इतकं. जास्त तेल म्हणजे जास्त रक्षण नव्हे, उभी ठेवलेल्या बंदुकीत ते खाली उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि जिथे लोखंड-लाकूड जुळतं तिथेच लाकूड कुजल्यासारखं मऊ पडतं. म्हणून उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली, नाहीतर आडवी, दोन ठिकाणी मऊ सुती आधार देऊन. बाहेरून, लोखंड-पितळ-लाकूड सगळ्याला, मायक्रोक्रिस्टलाइन मेण. संग्रहालयांत रेनेसां वॅक्स नावाचं वापरतात, १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममधे ते तयार झालं, आपल्याकडे ऑनलाइन मिळतं, महाग वाटेल पण छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते. पद्धत सोपी: कोरड्या मऊ ब्रशने धूळ, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती फडक्याने फक्त धातू पुसायचा (लाकडाच्या रोगणाला अल्कोहोल लागू द्यायचं नाही), पूर्ण वाळू द्यायचं, मेणाचा नखभर थर, थोड्या वेळाने दुसऱ्या फडक्याने हलकं घासायचं. हातात नायट्राइलचे हातमोजे, कारण घामातलं मीठ पुरेसं असतं, महिन्याभराने बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटतात. फडकं पण जुनी धुतलेली सुती साडी किंवा धोतर, चिंधी सुटणारं नको.

नळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून ठेवायची पद्धत दिसते. तो ओल धरतो आणि नेमका तोंडाशी गंजाचं कडं करतो. नको.

घोडे पडलेले असू द्या, ताणून ठेवू नका, आतल्या कमानी (स्प्रिंग) चार वर्षं ताणात राहिल्या तर थकतात. १२ बोअरमधे स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, घालून घोडे सोडले की फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या सुईला, धक्का बसत नाही.

चुलतभावाच्या बफिंगला मात्र मी ठाम नाही म्हणेन. त्याच्या मनात वाईट काही नाही, त्याला ती सुंदर दिसायला हवीय. पण नळीवरचा तो तपकिरी-काळपट रंग हा मळ नाहीये, तो बनवणाऱ्याने मुद्दाम आणलेला, नियंत्रित गंजाचाच थर आहे आणि तो लोखंडाचं रक्षण करतो. बफिंगने तो जातो, ठप्पे आणि नक्षी पुसट होतात, आणि संग्राहक असो की संग्रहालय, त्या वस्तूची किंमत तिथेच कोसळते. पॉलिश पेपर, पितांबरी, ब्रासो, चिंच-लिंबू यातलं काहीही नको, देवाच्या भांड्यांना ठीक आहे, इथे नाही. पितळ मंद राहू द्या. चिंता करायची ती फक्त ताज्या, लालसर, बोटाला भुकटी लागणाऱ्या गंजाची. तिथे तेलाचा थेंब टाकून दोन दिवस मुरू द्या आणि मऊ ब्रशने किंवा फडक्याने पुसा, परत करा, घाई नाही. नक्षी किंवा सोन्या-चांदीच्या कामाजवळ गंज असेल तर हात लावू नका, ते जाणकार संवर्धकाचं काम, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

एक बघा, १२ बोअर खरंच बेल्जियमची असेल तर नळीखाली अंडाकृती ठप्पा असेल, आत ईएलजी अशी रोमन अक्षरं. हा लिएज शहराचा चाचणी ठप्पा. त्याच्यावर मुकुट असेल तर ती १८९३ नंतरची, कारण मुकुट तेव्हापासून आला. आणि नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा वळ्यावळ्यांची नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, तिच्यातून आजची काडतुसं कधीही उडवायची नाहीत, कुणी "एकदा बघू चालते का" म्हटलं तरी नाही. हे सगळे ठप्पे, नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढून ठेवा. वडिलांचं लायसन्सचं पुस्तक, असतील तर खरेदीच्या पावत्या, हे लॅमिनेट न करता एका फाइलीत. आईंना माहीत असलेलं सगळं, कुणी कधी आणली, कशासाठी वापरली, तेही लिहून घ्या. फोटो स्टेटसला टाकू नका, बंद घरात बंदूक आहे हे गावाला सांगण्यासारखं आहे ते.

लायसन्स होऊन बंदुका घरी आल्याच तर जागा: स्टीलचं कुलूपबंद कपाट, भिंतीपासून अर्धा फूट पुढे. जांभ्याची बाहेरची भिंत पावसात महिनोन्महिने ओली असते, तिला टेकून काही नको, आणि भिंतीवर टांगणं तर सुरक्षिततेच्या दृष्टीनेही नको. नवीन प्लायवूड-एमडीएफच्या कपाटातून आम्लाची वाफ येते, ते टाळा. आत सिलिका जेल, पण चपलांच्या खोक्यातल्या दोन पुड्या नाहीत, चांगलं अर्धा-एक किलो, रंग बदलणारं, नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमधे साधारण १२० डिग्रीला दोन-तीन तास तापवलं की परत कामाला येतं. हे काम करतं ते कपाट नीट बंद होत असेल तरच, म्हणून दाराला रबराची नको, सिलिकॉनची पट्टी लावून घ्या. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती कुणी सांगेल, बंद घरात, वीज येते-जाते अशा ठिकाणी मी ती सांगणार नाही. पुण्या-चाकणच्या कारखान्यांत इंजिनाचे भाग ज्या व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) गुंडाळतात तो १२ बोअरच्या सुट्या केलेल्या नळ्यांना चांगला आहे, पितळ-चांदी असलेल्या ठासणीचीला मात्र नको. आणि हे सगळं पॅकिंग जानेवारी-फेब्रुवारीत करा. हवा कोरडी असते, लाकडातली ओल उतरलेली असते. श्रावणात पेटी बंद केली तर तुम्ही श्रावणच आत बंद करता.

बघायचं वर्षातून दोनदा: मे मधे पावसाआधी आणि खंडेनवमीला. बाबांनी दसऱ्याची वेळ धरली होती ती किती बरोबर होती बघा, पाऊस नुकताच संपलेला असतो. फक्त पूजा करताना ओली फुलं, हळद-कुंकू थेट नळीवर किंवा दस्त्यावर नको. हळदीचा डाग लाकडातून जात नाही आणि झेंडूच्या ओल्या पाकळ्या रात्रभर राहिल्या तर सकाळी त्यांच्या आकाराचे डाग असतात. खाली स्वच्छ कापड घालून कुंकू-फुलं शेजारी वाहा, नमस्कार तोच.

पण खरं सांगू का, तुमच्या परिस्थितीत पहिली चार वर्षं बंदुका घरी असूच नयेत असं मला वाटतं. बंद घर, आई एकट्या, चोरी झाली तर बंदूक जाते आणि वर उत्तरं आईंना द्यावी लागतात. पोलीस स्टेशनची मुद्देमाल खोली सुरक्षित, पण तिथे कपाट, सिलिका जेल वगैरे कुणी करणार नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रं जमा केलेल्यांना हा अनुभव आहे, दोन महिन्यांत तांबूस होऊन परत येतात. जमा करायच्या आधी तेल-मेण नीट करून, सुती कापडात सैल गुंडाळून, चिठ्ठी बांधून द्या, आणि जमा करतानाची स्थिती पावतीवर लिहून घ्या. गन हाऊसचं भाडं द्यावं लागतं पण तिथे माणसं जाणकार असतात, वर्षातून दोनदा उघडून पुसायचं ठरवता येतं, लेखी ठरवा. मी तुमच्या जागी असते तर १२ बोअर गन हाऊसमधे, वारसाचा अर्ज ताईच्या किंवा आईंच्या नावाने, आणि दर मे-ऑक्टोबरला ताईने एक फेरी, असं केलं असतं.

ठासणीचीसाठी संग्रहालयाचाही विचार करा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, इथे जुनी शस्त्रं आहेत. ती घेतीलच असं नाही, पण एक पत्र, चार फोटो, पणजोबांची माहिती पाठवायला काही जात नाही, आणि नाही म्हणाले तरी जाणकाराचं मत मिळतं. विकायचं झालं तर लायसन्स असलेल्यालाच आणि परवानगीने, गुपचूप कुणाला देऊ नका. वस्तू शंभर वर्षांच्या वरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती खाजगीरित्या देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे जर्मनीला आठवण म्हणून नेण्याचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. आणि वैतागून "घ्या सरकारजमा करून" हे लगेच म्हणू नका. अशा शस्त्रांचं पुढे काय होतं त्यावर तुमचा काही हक्क राहत नाही, आणि तुम्हाला त्यांचं काहीतरी वाटतं म्हणूनच तर हे पत्र लिहिलंत.

जाता जाता, ठासणीचीबरोबर दारू ठेवायचं शिंग आणि केपेची डबी पण कुठेतरी असणार, बहुतेक त्याच माळ्यावर. सापडलं तर उघडून, ओतून बघू नका. शिंग हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर तसंच उन्हापासून आणि चुलीपासून लांब, पण पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि पोलीस स्टेशनच्या त्या पहिल्या अर्जातच एक ओळ वाढवा.